चारांतलं एक

"काय ओ आकारामदादा, तीन चाकं एका आईची आन् एक सावत्र व्हय?" असं म्हणून हरणाबाई हसली आणि डोक्यावरची भाजीची पाटी एका हाताने सावरत मिरजेच्या रस्त्याने बाजाराकडे निघून गेली. आकारामही हसला. हरणाबाई रोज गॅरेजवरून जाताना काहीतरी बोलून जायची, कधी त्याच्या टोपीवर, कधी गॅरेजच्या मालकावर, आणि तो रोज हसायचा. आजही सवयीने हसला, बिडी ओढून संपवली, थोटूक पायाखाली चुरगाळलं आणि मग भिंतीकडे वळून बघितलं. भिंतीला टेकून चार चाकं उन्हात उभी होती. काल रंगवलेली, रात्रभर शेडमध्ये वाळलेली आणि सकाळी त्यानेच एकेक करून बाहेर आणून मांडलेली. सातारच्या विष्णुपंतांच्या फियाटची चाकं. त्याने डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. चारही सारखी होती. म्हणजे त्याला सारखी दिसत होती. हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं, ते त्याने हाताने पुसून टाकलं.

बाई थट्टेखोर आहे, काहीही बोलते, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण हरणाबाई उगाच काही बोलणारी नव्हती. वांगी निवडण्यात जिचा जन्म गेला तिला चार वस्तूंतली एक वेगळी आहे हे चालता चालता दिसतं. शिवाय ती एक म्हणाली होती. दोन म्हणाली नाही, सगळी म्हणाली नाही. आणि एक निराळं असायला कारण होतं, ते आकारामलाच ठाऊक होतं. एका कामाचा रंग एकाच वेळी कालवायचा, हे त्याने आयुष्यभर पाळलं होतं. भाजीत मागून पाणी घातलं की चव बिघडते तसंच हे, असं तो स्वतःच लोकांना सांगायचा. काल मात्र रंग पुरला नाही. न पुरायला कारण असं की जुळवताना फार गेला. एरवी दोनतीनदा पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितलं की त्याचं काम व्हायचं. काल सकाळी तो पत्र्यामागून पत्रा रंगवत राहिला, प्रत्येक वाळवून गाडीच्या दाराला लावून बघत राहिला, आणि दर वेळी त्याला वाटत राहिलं की अजून निळा कमी आहे. त्याने निळ्याचा एक थेंब टाकला. काही दिसलं नाही. आणखी एक टाकला. शेवटी कुठे तो रंग दाराच्या रंगात विरघळल्यासारखा झाला, आणि तेव्हा डब्यात उरलेल्या रंगात तीनच चाकं झाली. चौथ्याच्या वेळी चार वाजत आले होते. चारला लाईट जाणार आणि कॉम्प्रेसर बंद पडणार, हे सगळ्या सांगलीला पाठ होतं. घाईघाईने त्याने दुसरा डबा घेतला, पांढरा ओतला, काळ्याची एक काडी, निळा, आणि ढवळून सरळ स्प्रे गनमध्ये भरला. बघितलंसुद्धा नाही. बघायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर बघायचा कंटाळा आला होता. रंग मारून झाल्यावर चारही चाकं शेजारी ठेवून पाहिली. सारखी दिसली. म्हणून कुठल्यावर खूण केली नाही.

आता चौथं कोणतं ते त्याला सांगता येत नव्हतं.

फियाट मागच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, अंगावर ताडपत्री घेऊन. विष्णुपंतांनी ती घेतली तेव्हा ते पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. आता पेन्शनीत निघून सातारला घर बांधून राहिले होते, आणि गाडीवर त्यांचा जीव होता. तिकडच्या पावसाने चाकांना गंज चढला, पापुद्रे निघाले, तेव्हा त्यांना साताऱ्यात रंगारी मिळाले नसते असं थोडंच आहे? पण ते गाडी घेऊन सांगलीला आले, कारण पूर्वी एकदा दाराला घासलं होतं ते आकारामने असं काही बुजवलं होतं की कुठे घासलं होतं ते त्यांना स्वतःला सापडत नव्हतं. गाडी निळसर राखी. चाकंही गाडीच्याच रंगाची हवीत हा त्यांचा हट्ट. आणि गाडीचा रंग आता कंपनीच्या डब्यातला राहिलेला नव्हता. इतकी वर्षं उन्हाने खाल्लेला, धुण्यापुसण्याने विटलेला, कुठल्याही रंगाच्या कार्डावर नसलेला असा एक रंग झाला होता. तो फक्त त्या गाडीवर होता, आणि तो डोळ्यानेच ओळखायचा होता. "तुमच्यावर सोपवतो, आकाराम," विष्णुपंत म्हणाले होते, "चाकं नवी दिसायला नकोत. ती कायम हीच होती असं वाटायला हवं." आणि आकारामने मान हलवली होती. त्या वेळी त्याने मान हलवायला नको होती.

कारण ठाऊक होतं त्याला. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. गेल्या वर्षी हळदीच्या हंगामात सुरुवात झाली. मार्केट यार्डात पोती उतरायला लागली की सांगलीच्या हवेत हळद असते, रस्त्यावर असते, बैलांच्या पाठीवर, हमालांच्या पापण्यांवर असते. तेव्हा सगळं जरा पिवळसर दिसायला लागलं तर त्यात नवल वाटलं नाही. त्याने तोंड धुतलं, डोळ्यांवर पाणी मारलं, हळदीला शिव्या दिल्या. हंगाम संपला. पोती गेली, रस्ते धुऊन निघाले, पिवळेपणा गेला नाही. पांढऱ्या शर्टावर तो राहिला, दुधावर राहिला, चंद्रावर राहिला. तरी बरेच दिवस आकाराम हळदीवरच ठपका ठेवत होता. ठपका ठेवायला काहीतरी असलं की बरं असतं. कोंडीबामामाचे डोळे मोतीबिंदूसाठी कापले होते आणि पुढे ते गेलेच, हे त्याने लहानपणी कुंडलला पाहिलं होतं. मामा कट्ट्यावर बसून कोण आलं, कोण आलं असं विचारत राहायचा. मिरज इथून हाकेच्या अंतरावर, तिथे दूरदूरची माणसं डोळे दाखवायला येतात. आकाराम गेला नाही. गेला असता तर कोणीतरी ते मोठ्याने बोललं असतं, आणि मग ते खरं झालं असतं.

त्याला पलटणीतले दिवस आठवले. वर्कशॉपात एकच रंग, हिरवा, मातकट हिरवा. ट्रक हिरवे, जीप हिरव्या, पेट्या हिरव्या. जबलपूरच्या उन्हात तो वर्षानुवर्षं तोच रंग मारत राहिला, आणि रात्री झोपताना डोळे मिटले की दुसरे रंग दिसायचे: उसाच्या तुऱ्याचा रुपेरी, बायकोच्या, विजयमालाच्या, लग्नातल्या शालूचा किनारीजवळचा जांभळा, विहिरीतल्या पाण्याचा, ज्याला नाव नाही असा. तेव्हा तो उपाशी होता खरा, पण कशासाठी उपाशी आहोत ते त्याला माहीत होतं. सुटून आला आणि दादासोच्या गॅरेजात पहिली गाडी आली ती लिंबाच्या रंगाची. त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला होता की तो जेवायला घरी गेलाच नाही. रंगाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, नख गाडीला लावायचं, आणि नख दिसेनासं झालं की रंग जमला. बोट मध्येच संपल्यासारखं वाटायचं. लोक बघायला यायचे. त्याला गर्व होता, आणि का नसावा? दुसरं काय होतं त्याच्याकडे? जमीन भावाकडे गेली होती, मूल नव्हतं, बोलण्यात तो कधी कोणाला जिंकला नव्हता. हे एक होतं.

तो उठला आणि हरणाबाईच्या मागे निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला. तिची पाटी गर्दीत कुठेतरी दिसली आणि गेली. समजा गाठली तिला, तर काय विचारणार होता? बाई, माझ्या चाकांतलं सावत्र कोणतं तेवढं सांग. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं असतं. तो परत फिरला. वाटेत त्याला वाटलं की लांबून बघितलं तर दिसेल, म्हणून रस्त्याच्या पलीकडे थांबून त्याने बघितलं. चार गोल, भिंतीवर चार सावल्या. मग एक डोळा झाकून, मग दुसरा. मग जवळ येऊन त्याने चाकांच्या जागा बदलल्या, पहिलं तिसऱ्याच्या जागी, चौथं पहिल्याच्या, आणि लगेच लक्षात आलं की आधी कोणतं कुठे होतं तेही आता गेलं. हरणाबाई बघत गेली तेव्हा तिची नजर उजवीकडच्यावर होती असं त्याला मघाशी पुसटसं वाटलं होतं. तोही धागा त्याने आपल्या हाताने तोडला होता. आता तो गुडघ्यावर बसला आणि चाकाला हात लावून बघू लागला. मागून मारलेला रंग जरा मऊ असेल, जरा चिकट असेल. नख टेकवून पाहिलं. चारही कडक. नाक जवळ नेलं. चारींनाही थिनरचा सारखाच वास.

"वास कसला घेताय ओ आकाराम?" दादासो एका ट्रॅक्टरखालून बाहेर येत म्हणाला. "चाकं हायत, आंबं न्हाईत."

"वाळलीत का बगतोय."

"वाळायला काय, ह्या उनात माणूस वाळंल." दादासोचे हात कोपरापर्यंत काळे होते. इंजिन सोडून गाडीच्या बाकी कशाशी त्याचा संबंध नसे, रंगाशी तर नाहीच. त्याने चाकांकडे एकदा बघितल्यासारखं केलं. आकारामने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. ते कुठे अडखळतात का, कुठे परत वळतात का. दादासोने पान्ह्याने पाठ खाजवली. "पंत दुपारच्या एस्टीनं येत्यात. बसवून टाकू, मंजे मागची जागा रिकामी हुईल. आन् ते कोल्हापूरचं पोरगं परवा परत आलतं बगा. मिशीन हाय म्हनं कायतरी, रंग मोजायचं. मी म्हनलं, आमच्याकडं आकाराम हाय, मिशीन काय करायचंय?"

हे तो कौतुकानेच म्हणाला. आकारामला ते कौतुक गिळवेना. दादासो असा माणूस होता की त्याला विचारलं असतं तर त्याने बोट दाखवलं असतं, हसला असता, आणि संध्याकाळी विसरलाही असता. पण मग रात्री घरी पाय पसरून बसल्यावर त्याच्या डोक्यात आलं असतं की आकारामने विचारलं का? त्या एका का-साठी आकाराम गप्प बसला.

विजयमाला डबा घेऊन आली तेव्हा तो सावलीत बसला होता. तिच्याकडे बघून त्याला एकदम हुरूप आला. ही तर घरची. हिचे डोळे चांगले. दुकानात ब्लाउजपीस घेताना ती साडी घेऊन बाहेर रस्त्यावर येते, उन्हात दोन्ही शेजारी धरते, दुकानदार आतून बोंबलत असतो तरी हटत नाही. सरळ विचारायचं मात्र त्याच्या जिभेवर येईना. त्याने भाकरी मोडली, झुणका घेतला, आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "ती चाकं बग की. तुला त्यातलं कंचं आवडतंय?"

"चाकात काय आवडायचंय?"

"तरी पन. एकादं उजवं वाटतं, एकादं डावं वाटतं."

"सगळी सारकीच हायत की," विजयमाला म्हणाली.

ती चाकांकडे बघून म्हणाली नाही. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली. आकारामचा घास तोंडातच राहिला.

"न बगताच सांगतीस?"

"बगितली की येताना. लय झ्याक झाल्यात. जेवा आता. ताक हाय त्या हिरव्या झाकनाच्या तांब्यात."

हिरव्या झाकणाच्या. त्याने तांब्या उचलला आणि हात तसाच थांबला. तांब्या एकच होता. झाकण एकच होतं. हिरवं म्हणायची गरज नव्हती. आणि मग त्याला एकामागून एक आठवायला लागलं. ती निळी प्यांट दोरीवर हाय. पिवळा टावेल घ्या, तांबडा वला हाय. सुलाबाईच्या पोरीनं जांभळं पातळ नेसलंय बगा. ही बाई रंग कधी बोलायची? वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिने कधी टॉवेलाला पिवळा म्हटलं नव्हतं, टॉवेल म्हणजे टॉवेल. कधीपासून बोलायला लागली? दिवाळीपासून? त्याच्याही आधीपासून? तो घरी येईल त्या दिशेला ती रंग पेरत होती, त्याच्या पायाखालचे दगड उचलावेत तशी, आणि त्याला वाटत होतं की बाईमाणूस आहे, वयाबरोबर बडबड वाढली. तिला माहीत होतं. त्याने स्वतःला सांगायच्या आधीपासून तिला माहीत होतं.

त्याला राग आला. मग रागाची लाज वाटली. तिने हे प्रेमाने केलं होतं हे त्याला कळत होतं, आणि त्याच प्रेमाने ती आज खोटं बोलत होती हेही कळत होतं. जगात दुसरे जे दोन डोळे त्याला आपले म्हणता आले असते त्यांनीही आता त्याला खरं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. की खरंच सगळी सारखी होती? हेही असू शकत होतं. हरणाबाईने थट्टा केली असेल, विजयमाला खरं बोलत असेल. नाहीतर हरणाबाई खरी आणि ही खोटी. त्याने पुन्हा चाकांकडे बघितलं. चाकं त्याच्याकडे तोंड करून उभी होती, चारही, पिवळसर उन्हात, काही न सांगता.

"विजू," तो म्हणाला. तिला तो या नावाने फार क्वचित हाक मारायचा. "खरं सांग."

ती पदराने डबा पुसत राहिली. "काय खरं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "ताक आंबट हाय."

ती गेल्यावर तो बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होता. रस्त्याच्या वळणावर ती थांबली, वळली नाही, नुसती थांबली, आणि मग गेली. हिला हाक मारावी, परत बोलवावं, चाकांपुढे उभं करून म्हणावं की बाई, मला दिसत नाही, तू दाखव, असं त्याला फार वाटलं. पण सगळं अंग त्याचंच होतं, जीभ त्याची होती, पाय त्याचे होते, आणि यातलं काहीच त्याच्या कामाला येत नव्हतं.

विष्णुपंत आले ते छत्री, पिशवी आणि सातारचे कंदी पेढे घेऊन. उंच, ताठ, चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसत बोलणारे. पेढ्याचा पुडा त्यांनी दादासोच्या काळ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी गाडी, मग चहा." दादासोने ताडपत्री ओढली, जॅक लावला आणि एकेक चाक घेऊन बसवायला लागला. आकाराम चाकं उचलून देत होता. हातात घेतलेलं प्रत्येक चाक त्याला तेच वाटत होतं, आणि दिलं की वाटायचं, हे नव्हतं, पुढचं असेल. नटांचा कर्रकर्र आवाज येत होता. शेवटचं चाक बसलं, ठोकळे निघाले आणि बसलेलं जनावर उठावं तशी गाडी चारही पायांवर उभी राहिली. विष्णुपंत गाडीभोवती फिरायला लागले.

ते सावकाश फिरत होते. पुढच्या उजव्या चाकापाशी, मग पुढच्या डाव्यापाशी थोडं वाकले आणि पुढे गेले. मागच्या डाव्यापाशी चष्मा वर केला, खाली केला. मागून वळसा घालून उजवीकडे आले, आणि मागच्या उजव्या चाकापाशी थांबले. थांबले ते थांबलेच. वाकले, मग चक्क उकिडवे बसले, एक बोट चाकावर आणि एक बोट वरच्या मडगार्डवर ठेवून बघत राहिले. हेच. सापडलं. भीतीबरोबर आकारामला केवढं तरी हलकंही वाटलं, सकाळपासून पहिल्यांदा, कारण आता निदान ते कोणतं एवढं तरी कळलं होतं. विष्णुपंतांनी तोंड उघडायच्या आत तो पुढे झाला.

"साहेब, ते घाईत झालं. लाईट जायाची येळ झालती. एवढं एक मी उद्या परत करून देतो. तुमाला उगाच..."

"हे?" विष्णुपंतांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "अहो, याला हातसुद्धा लावू नका. हे काय सुरेख जमलंय! कुठे चाक संपतं आणि कुठे गाडी सुरू होते ते कळत नाही." ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जरा अवघडून, माणसाला दुखवायचं नसलं की बोलतात तसं म्हणाले, "बाकीची तीन मात्र, म्हणजे राग मानू नका, पण निळी मारताहेत हो. चांगलीच निळी. हे असं कसं झालं? एकाच हातचं काम ना हे?"

आकाराम त्या चाकापाशी बसला. बघितलं. मग उठून पुढच्या चाकापाशी गेला, तिथे बसला, ते बघितलं. परत मागच्यापाशी आला. ज्या तीन चाकांवर त्याने अख्खी सकाळ डोळे लावून घालवली ती तिन्ही बिघडली होती, आणि ज्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं तेवढं एक जमलं होतं. ते त्याच्या हातांनी जमवलं होतं, त्याला न विचारता. दुसऱ्या कुठल्या गाडीला हे हात असं जमवतील का, आणि जमलं तर ते त्याला कोण सांगणार? त्याने चाकावर तळवा ठेवला. चाक उन्हाने गरम होतं, बाकीच्यांइतकंच गरम.

"त्यात काय एवढं," विष्णुपंत समजुतीने म्हणाले. "मी बहिणीकडे राहतो दोन दिवस. नमुना तर तुमच्यापाशीच आहे. हे चाक डोळ्यांपुढे ठेवायचं आणि तीन याच्यासारखी करायची."

"व्हय साहेब," आकाराम म्हणाला.

दादासो पुन्हा पान्हा घेऊन आला आणि कामाच्या सवयीने मागच्या उजव्या चाकापासूनच सुरू करावं म्हणून तिथे बसला. "चारी उतरवतो. सगळी भितीला लावून ठिवतो, मंजे शेजारी शेजारी धरून बगता येतील तुमाला."

आकारामने त्याचं मनगट धरलं. विष्णुपंत चहावाल्याला हाक मारायला रस्त्याकडे गेले होते. तरी तो अगदी हळू बोलला.

"ह्ये गाडीलाच ऱ्हाऊ दे, दादासो. काडलं तर मला परत घावायचं न्हाई."